जिवाचा दोर

तारिक आणि देवदत्त त्या दिवशी उंबरकड्यावर गेले ते निव्वळ मापं घ्यायला. खिडक्यांची, छपराच्या पत्र्यांची, न्हाणीघराच्या दारांची. खरेदीखत आदल्या आठवड्यात साताऱ्यात झालं होतं, दोघांच्या नावानं. श्रावण सरत आला होता आणि दसऱ्यानंतर शाळांच्या सहली सुरू होतात. तोवर इमारत राहण्याजोगी करायची तर हातात दिवस फार नव्हते.

तारिक मुलाणी कोरेगावचा, देवदत्त साताऱ्यातला. कॉलेजात असताना अजिंक्यताऱ्याच्या कातळावर दोघं एकत्रच दोर धरायला शिकले आणि पुढं तोच त्यांचा धंदा झाला. पाचगणीच्या शाळांची पोरं डोंगरात न्यायची, कड्यावरून उतरवायची, तंबूत झोपवायची. पण तंबू कायम दुसऱ्याच्या रानात. कधी मालक ऐन वेळी नाही म्हणायचा, कधी पुढच्या वर्षी जाऊन बघावं तर तिथं हॉटेल उभं. आपली एक पक्की जागा हवी, हे दोघांचं कितीतरी वर्षांचं बोलणं होतं.

ती जागा देवदत्तनं शोधून काढली. मेढ्याच्या पुढं घाट चढून गेलं की पठाराच्या पार टोकाला मुलींचं एक जुनं वसतिगृह होतं. देवदत्तचे मामा विष्णुपंत यांच्या संस्थेनं बांधलेलं आणि त्यांनीच पुढं बंद केलेलं. दगडी, लांबलचक इमारत, आणि तिच्या पाठीशी सरळ तुटलेला उंबरकडा. मामा आता थकले होते, त्यांना ती जागा कुणाच्या तरी गळ्यात घालायचीच होती. तारिकनं आपल्या वाट्यासाठी वडिलांचा टायरचा गाळा विकला. त्याची बायको जरिना त्या दिवशी भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "जागा बघून घेताय, का माणूस बघून?"

"माणूस बघून."

"मग मी काय बोलायचं," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

घाट संपला तेव्हा धुकं एवढं होतं की जीपच्या बॉनेटचं टोक दिसत नव्हतं. पठारावरच्या वळणाला म्हशी आडव्या आल्या आणि देवदत्तला थांबावं लागलं. म्हशींमागून घोंगडीची खोळ घेतलेला एक म्हातारा आला. खालच्या वस्तीवरचा नाथाजी. त्यानं जीपच्या मागच्या भागात डोकावून पाहिलं. तिथं दोरांची भेंडोळी होती, निळी, नारिंगी, एकावर एक.

"एवढा दोर कशापायी?"

"कड्यावरनं उतरायला, आबा," तारिक म्हणाला. "वसतिगृह आम्ही घेतलंय. शहरातली पोरं येतील आता."

म्हाताऱ्यानं हात लांब करून एक भेंडोळं चाचपलं. जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. "दोर," तो म्हणाला. "आता आणला व्हय."

तारिकला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी विचारायचंय. पण देवदत्तनं त्याच्याकडं न बघताच गिअर टाकला.

इमारत तारिकनं याआधी उन्हाळ्यात एकदाच पाहिली होती, घाईघाईत, पुढच्या बाजूनं. आता ती, कुणी दारात उभं राहून वाट बघावी तशी वाटली. व्हरांड्याच्या दगडांवर शेवाळ चढलं होतं. आत एकामागं एक मोठ्या खोल्या, भिंतींना दप्तरं अडकवायच्या खुंट्या, लहान मुलींच्या हाताला येतील एवढ्या खाली. ओल्या चुन्याचा आणि वटवाघळांच्या लेंड्यांचा वास भरून राहिला होता. फक्त शेवटच्या खोलीत तो वास नव्हता. तिथं खोबरेल तेलाचा वास येत होता, आताच कुणी वेण्या घालून उठून गेल्यासारखा. तारिकनं दोनदा नाकानं ओढून पाहिला. मग म्हणाला, असेल काहीतरी.

तो टेप घेऊन मापं सांगत होता, देवदत्त लिहीत होता. कड्याच्या बाजूची भिंत आली तेव्हा तारिक थांबला. त्या भिंतीत एकही खिडकी नव्हती. म्हणजे चौकटी होत्या, ओळीनं, पण प्रत्येक चौकट आतून विटांनी बुजवलेली. बांधकाम कुणी गवंड्यानं केलेलं दिसत नव्हतं. विटा वेड्यावाकड्या होत्या, मातीचा गिलावा बोटांनी लिंपलेला. घाईत केलेलं काम.

"सगळा देखावा तर याच बाजूला आहे," तारिक म्हणाला, "आणि खिडक्या बुजवल्यात?"

"वारा येत असेल. फोडून घेऊ."

दुपारी जरिनानं दिलेली भाकरी आणि ठेचा खाऊन झाला आणि धुकं जरा विरळ झालं. कड्याची कड दिसू लागली. देवदत्तला राहवेना. "एकदा उतरून बघतो रे," तो म्हणाला. "थोडं खाली एक टप्पा आहे. पोरांना तिथपर्यंत नेता आलं तर अख्खी सातारा-सांगली आपल्याकडं येईल."

अशा वेळी दोन दोर लागतात. एक उतरणारा स्वतः धरून उतरतो. दुसरा त्याच्या कमरेला बांधलेला असतो आणि त्याचं वरचं टोक जोडीदाराच्या हातात. पहिल्या दोराला काही झालं तर दुसरा माणसाला धरतो. तारिक पोरांना शिकवताना त्याला जिवाचा दोर म्हणायचा. खालचा माणूस 'सुटलो' असं सांगत नाही तोवर हा दोर हातातून सोडायचा नाही, वर आभाळ कोसळलं तरी. पोरांना सांगायचा तो हा पहिला नियम.

त्यानं अंजनीच्या एका जाड बुंध्याला स्वतःला बांधून घेतलं, कडेच्या दगडाला टाच लावली आणि दोर हातात घेतला. देवदत्त कड ओलांडून खाली गेला. आधी त्याचं हेल्मेट धुक्यात बुडालं, मग त्याच्या बुटांचा कातळावरचा आवाज. मग नुसता दोर उरला, तारिकच्या तळव्यातून हळूहळू सरकणारा.

थोड्या वेळानं दोर थांबला. धुकं पुन्हा दाट झालं, इतकं की तारिकला स्वतःचे गुडघे दिसेनात. खालून काहीतरी अस्पष्ट ऐकू आलं. त्यानं हाक दिली. उत्तर नाही. बघत असेल टप्पा, म्हणून तो वाट बघत राहिला.

मग दोराला हिसका बसला. एक. हलका.

"सोडा..."

आवाज खूप खालून आला, धुक्यानं ओला झालेला. तारिकनं दोर सोडला. दोर सरकत गेला, थांबला.

"आजून सोडा..."

त्यानं आणखी सोडला. मनात आलं, टप्पा एवढा खाली कसा? तरी हात चालत राहिला. कुणी मूठ मूठ करून ओढून घ्यावा तसा दोर जात होता. आणि मग त्यावर वजन आलं.

हात ओळखतो. तारिकनं आजवर शेकड्यांनी पोरं याच हातांनी उतरवली होती आणि वर घेतली होती. देवदत्तचं वजन त्याला झोपेतही कळलं असतं. हे वजन देवदत्तचं नव्हतं. हे दहा-अकरा वर्षांच्या लेकराचं होतं, कित्येक दिवस उपाशी असलेल्या. आणि आता त्याच्या ध्यानात आलं की देवदत्त आयुष्यात कधी 'सोडा' म्हणाला नव्हता. तो 'स्लॅक' म्हणायचा, आणि तारिकला अरेतुरे करायचा.

"आता वडा..." खालून आलं. "वर घ्या मला..."

तारिकच्या डोक्यात सरळ विचार आला. वस्तीवरचं पोर शेरडामागं खाली गेलं असेल, अडकलं असेल. देवदत्तनं आपल्या कमरेचा दोर सोडून त्याला बांधला असेल. त्यानं टाच घट्ट रोवली आणि ओढायला लागला. एक हात, दुसरा हात. वजन वर येत होतं. कातळाला काहीतरी घासल्याचा आवाज येत होता, अनवाणी पायांचा.

"काय ओढतोयस?"

आवाज मागून आला. तारिकनं मान वळवली. देवदत्त त्याच्या पाठीशी उभा होता, धडधाकट, हातात हेल्मेट. "टप्प्यावरनं एक शेरडांची वाट आहे, बाजूच्या घळीतनं वर आलो. ओरडून सांगितलं तुला सुटलो म्हणून. दोर तिथंच सोडला."

"खाली पोर आहे," तारिक म्हणाला. "धर. ओढायला लाग."

"कुठलं पोर?"

"आवं, वर घ्या की..." खालून आवाज आला. आता जवळून.

देवदत्तचा चेहरा तारिक त्यानंतर कधी विसरला नाही. त्यावर आश्चर्य नव्हतं. एखाद्या माणसाची वाट चुकवत फिरावं आणि तो समोरच यावा, तसा तो चेहरा झाला.

"सोड तो दोर."

"देवा, वजन आहे रे त्याच्यावर."

"सोड म्हणतोय. कुणी नाही खाली."

"तुला कसं माहीत?"

देवदत्त दोराशी वाकला. त्यानं कमरेचा चाकू काढला. तारिक बुंध्याला बांधलेला, दोन्ही हात दोरात गुंतलेले. तो नुसतं "देवा... देवा, नको..." एवढंच म्हणू शकला. ताणलेला दोर कापायला वेळ लागत नाही. पातं टेकलं आणि दोर गेला.

तारिक मागं आपटला. तसाच पडून तो कान देऊन राहिला. काही पडल्याचा आवाज आला नाही, किंकाळी नाही, दगड घरंगळला नाही. बराच वेळ नुसतं धुक्याचं पाणी पानांवरून ठिबकत होतं. मग, पुन्हा लांब खाली गेलेला, तो आवाज आला. रडका नव्हता. नुसता विचारल्यासारखा.

"आता बी न्हाई व्हय..."

व्हरांड्यात येऊन बसल्यावर देवदत्तनं सांगितलं. तारिकनं विचारलं नव्हतं. तो आपले तळहात बघत बसला होता, दोरानं सोललेले.

वसतिगृह चालू होतं तेव्हा विष्णुपंत मामाच त्याचे प्रमुख होते. सगुणा नावाची एक मुलगी सरपण आणायला गेली आणि धुक्यात कड्यावरून गेली. मेली नाही. खूप खाली एक अरुंद टप्पा आहे, तिथं अडकली आणि ओरडत राहिली. दुसऱ्या दिवशी संस्थेची तपासणी होती. पोर पडली हे कळलं असतं तर मान्यता गेली असती. मामांनी सांगितलं, सगुणा घरी पळून गेली आहे, आणि खालून येतो तो चकवा आहे, कुणी ओ द्यायची नाही. वस्तीवरची माणसं म्हशींची दावी एकमेकांना जोडून घेऊन आली, ती पुरली नाहीत. विहिरीचा लांब दोर आत कोठीत होता. ती माणसं फाटकाशी उभी राहून तो मागत होती. मामांनी फाटक उघडलं नाही.

"किती वेळ ओरडत होती?"

"दोन दिवस... म्हणतात. नंतर त्या बाजूच्या खिडक्या बुजवल्या. मुली झोपत नव्हत्या." देवदत्तनं फाटकाकडं बघितलं. "सकाळचा तो म्हशीवाला. त्याचीच पोर."

तारिक उठून उभा राहिला. मग म्हणाला, "आणि हे तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर जागा घेतली असतीस?"

"नाही."

"मग."

पावसाची एक सर येऊन गेली. देवदत्तच्या आवाजात आता चीड आली होती, स्वतःलाच पटवत असल्यासारखी. "किती वर्षं झाली त्याला, तारक्या. पाप असेल तर मामांचं. आपण काय केलंय?"

"आता केलंस की," तारिक म्हणाला.

तो जीपमध्ये बसला नाही. सॅक उचलली आणि धुक्यातून पायीच निघाला. वळणाला नाथाजी एका दगडावर बसलेला होता, म्हशी आजूबाजूला चरत होत्या. तारिकला त्याच्या पुढून तसंच जाता येईना.

"हाक आली?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आली."

"दोर दिलासा?"

"दिला, आबा."

म्हाताऱ्याचे डोळे क्षणभर असे झाले की तारिकला खाली बघावं लागलं. "मग?"

"तुटला."

"तुटला, का तोडला?"

तारिकनं सोललेले तळहात मागं घेतले. नाथाजीनं मान हलवली, पुष्कळ वेळ हलवत राहिला. "तवा त्यांनी दोर दिलाच न्हवता," तो म्हणाला. "हातात दिऊन तोडला न्हवता. तुमी शिकल्याली माणसं."

भागीदारी मोडली. गाळा परत मिळणार नव्हता आणि देवदत्तकडून तारिकनं काही मागितलं नाही. मागायला गेलं तर बोलावं लागलं असतं. तो चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला जाऊ लागला, तिथं दोरावर लटकणारी माणसं लागतात. माणूस बघून, हे त्याचे शब्द जरिनानं पुन्हा कधी काढले नाहीत. काढले असते तर बरं झालं असतं, असं त्याला रोज वाटायचं.

देवदत्तचा सहलींचा तळ मात्र दसऱ्यानंतर सुरू झाला आणि जोरात चालला. साताऱ्यात, वाईत, सगळीकडं त्याचे फलक लागले. फोटोत ती भिंत दिसायची. विटा काढून मोठ्या काचा बसवल्या होत्या आणि काचांना नाकं लावून शहरातली पोरं दरी बघत होती.

माघात तारिक वस्तीवर गेला. नाथाजीला म्हणाला, "मी खाली उतरतो. काही राहिलं असेल तर घेऊन येतो. तुमच्या रीतीनं मातीला लावा." म्हाताऱ्यानं पायात चपला घातल्या आणि पुढं चालू लागला.

तळाच्या हद्दीत न शिरता ते पलीकडच्या घळीशी गेले. लख्ख ऊन होतं, दूरचं शिवसागर धरणाचं पाणीसुद्धा दिसत होतं. तारिकनं दोर झाडाला बांधला, म्हाताऱ्याला शेजारी बसवलं आणि उतरला. वरचा टप्पा गेला. त्याच्या पुष्कळ खाली, कातळाच्या पोटात वळून गेलेला तो दुसरा टप्पा होता, खाटेएवढा. कडेच्या कुठल्याच जागेवरून तो दिसला नसता. वरून फक्त ऐकू आला असता.

टप्प्यावर काही नव्हतं. हाड नाही, चिंधी नाही. कुणी रोज झाडून काढावा तसा तो स्वच्छ होता.

देवदत्तनं कापलेला निळा दोर मात्र होता. पण खाली पडलेला नव्हता. तो वरून लोंबत होता. कापलेलं टोक वर, माणसाचा हात जाणार नाही अशा उंचीवर, कातळाच्या भेगेत घट्ट ठोकून बसवलेलं होतं. आणि खालपासून वरपर्यंत दोराला गाठी मारलेल्या होत्या, लहान मुठीला धरता येतील अशा, एका वितीवर एक. तारिकनं एक गाठ चिमटीत धरली. ती वापरून वापरून मऊ झाली होती. भेगेच्या वर, थेट वरच्या टप्प्यापर्यंत, कातळातल्या खाचा शेवाळ निघून पांढऱ्या पडल्या होत्या.

तो तिथं किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. परत निघायचं म्हणून त्यानं आपला दोर ओढून पाहिला, तर तो कुठंतरी कपारीत अडकला होता. त्यानं नाथाजीला हाक मारली. वारा उलटा होता. घळीच्या बाजूनं काही उत्तर आलं नाही. मग त्यानं जीव खाऊन देवदत्तला हाक मारली. पुन्हा मारली.

वर, वसतिगृहाच्या अंगाला, पोरांचा कलकलाट चालला होता. तो एकदम थांबला. देवदत्तची शिट्टी वाजली. "सगळ्यांनी आत," तो म्हणत होता, आणि त्याचा आवाज ताणलेला होता. "आत चला. कुणी ओ द्यायची नाही." पावलं पळाली. दार लागलं.

तारिक कातळाला पाठ लावून उभा राहिला.  मग कड्याच्या अगदी काठावरून, बारीक माती त्याच्या खांद्यावर पडली, आणि वरून कुणीतरी त्याच लहान, ओल्या आवाजात हळूच विचारलं,

"दोर सोडू व्हय...?"